घटस्फोट नवरा-बायकोचा, मग नणंदेशी अबोला कशाला?

"अगं ती अजून बोलते त्याच्या आईशी?" हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो ना तो सूर ऐकण्यासारखा असतो, जणू काही ती बाई चोरून कसलं तरी व्यसन करतेय. आणि पलीकडे त्या आईला तिच्याच बहिणी ऐकवत असतात, की तुझ्या पोराला सोडून गेली ती आणि तू तिला फोन कसले करतेस, काही वाटतं की नाही तुला. म्हणजे दोघींनी दहा-पंधरा वर्षं एकमेकींचं आजारपण काढलं, भांडल्या, रुसल्या, एकमेकींची गुपितं पोटात ठेवली, ते सगळं कोर्टाच्या एका आदेशाने रद्द झालं असं धरून चालायचं. बरं त्या आदेशावर या दोघींची नावं पण नसतात, सह्या पण नसतात.

मला हे कधीच पटलेलं नाही. लग्न मोडतं ते दोन माणसांचं. त्या लग्नामुळे जी बाकीची दहा-बारा नाती तयार झालेली असतात, सासू, सासरे, दीर, जाऊ, नणंद, मेहुणे, साडू, त्यांची पोरं, ती आपोआप संपत नाहीत. आणि हो, आपोआप चालू पण राहत नाहीत. ती ज्या दोघांची आहेत त्या दोघांनी ठरवायचं. एक्स नवऱ्याला किंवा एक्स बायकोला त्यावर मत असू शकतं, वाईट वाटू शकतं, एक-दोन अटी पण घालता येतात (त्याबद्दल पुढे बोलते), पण व्हेटो नाही.

आता लोक म्हणतात की बाई, ज्या लग्नामुळे नातं आलं ते लग्नच राहिलं नाही तर नातं कसलं. ठीक आहे. मग लग्न मरणाने संपलं की आपण बरोबर उलटं का बोलतो? नवरा वारला आणि सुनेने सासू-सासऱ्यांशी संबंध तोडले तर तिला काय काय ऐकावं लागतं ते सगळ्यांना माहीत आहे. तिथे पण लग्न संपलेलंच असतं की. अहिल्याबाईंचं उदाहरण तर आपण शाळेपासून ऐकतो. खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात गेले, मल्हाररावांनी सुनेला सती जाऊ दिलं नाही, तिला कारभारात घातलं, तोफखान्यासारख्या कामांच्या सूचना तिला पत्रांतून दिल्या, आणि १७६६ मध्ये ते स्वतः जाईपर्यंत बारा वर्षं सासरा-सुनेचं हे नातं चाललं. ज्याच्यामुळे जोडले गेले तो माणूस मधे नसताना. पुढे अहिल्याबाईंनी जे राज्य चालवलं त्याचा पाया त्या बारा वर्षांत आहे असं मला वाटतं. हे सांगताना आपला ऊर भरून येतो, आणि तीच गोष्ट घटस्फोटित बाईने तिच्या एक्स सासऱ्याबरोबर केली की भुवया वर जातात. सासरा तोच, सून तीच. फरक काय तर मधला माणूस एका ठिकाणी फोटोत आहे आणि दुसऱ्या ठिकाणी जिवंत आहे आणि चिडलेला आहे. म्हणजे खरा प्रश्न नात्याचा नाहीच, त्या चिडलेल्या माणसाला सांभाळायचा आहे. मग तसं सरळ म्हणा ना.

कायदा या बाबतीत किती गोंधळलेला आहे ते बघायला मजा येते. आपल्याकडचा १९५६ चा दत्तक आणि पोटगीचा हिंदू कायदा विधवा सुनेला काही अटींवर सासऱ्याकडून पोटगी मागायचा हक्क देतो, तिने दुसरं लग्न केलं की तो जातो. घटस्फोट झालेल्या सुनेचा सासऱ्याशी असा काही संबंधच तो कायदा मानत नाही, तिची पोटगी नवऱ्याकडून. बरं मग संबंध संपला म्हणावं तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा उघडून बघा. त्यात कुणी कुणाशी लग्न करायचं नाही याची यादी आहे आणि तिची भाषा अशी, की जी कधीकाळी त्याच्या मुलाची बायको होती, जी भावाची बायको होती, तिच्याशी लग्न चालणार नाही, रूढीच तशी असेल तर गोष्ट वेगळी. 'होती' म्हटलंय, म्हणजे घटस्फोटानंतरसुद्धा. थोडक्यात मनाई करायची वेळ आली की कायद्याला जुनं नातं चांगलं आठवतं, द्यायची वेळ आली की तो विसरतो. आपले बरेचसे नातेवाईक पण असेच वागतात म्हणा.

बाहेरचे देश पण एकमताचे नाहीत. जर्मनीच्या नागरी संहितेत कलम १५९० मध्ये सरळ लिहिलंय की ज्या लग्नामुळे सासरचं नातं तयार झालं ते लग्न संपलं तरी ते नातं चालू राहतं. हे नुसतं कागदावर नाही, तिथे फौजदारी खटल्यात जवळच्या नातेवाइकाला साक्ष द्यायला नकार देता येतो, आणि ही सोय जुन्या जावयाला जुन्या सासूबाबत पण मिळते! जपानमध्ये बरोबर उलट, नागरी संहितेच्या कलम ७२८ प्रमाणे घटस्फोट झाला की सासरचं नातं तिथल्या तिथे संपलं. आणि नवरा किंवा बायको वारली तर ते आपोआप संपत नाही, पण मागे राहिलेल्या माणसाने स्थानिक सरकारी ऑफिसात जाऊन एक फॉर्म भरला की संपतं. सासरच्यांची परवानगी लागत नाही, आणि वारसाहक्काला पण धक्का लागत नाही. याला तिथे लोक मरणोत्तर घटस्फोट म्हणतात, आणि हा फॉर्म भरणाऱ्यांमध्ये मुख्यतः विधवा असतात. सासू-सासऱ्यांचं म्हातारपण आता आपल्याच गळ्यात येणार या धास्तीने भरतात असं त्यातल्या बऱ्याच जणी सांगतात.

मला जर्मनीचा नियम आवडतो पण जपानचा फॉर्म जास्त प्रामाणिक वाटतो. कारण त्यात एक गोष्ट मान्य केलेली आहे की हे नातं म्हणजे बऱ्याचदा काम असतं, आणि ते कुणाला करायचं नसेल तर तिला बाहेर पडायचा रस्ता पाहिजे.

या कामाबद्दलच जरा सविस्तर बोलायचंय, कारण घटस्फोटानंतर कोण कुणाशी बोलतं याचं निम्मं उत्तर तिथेच आहे. कॅनडातल्या समाजशास्त्रज्ञ कॅरोलिन रोझेंथाल यांनी १९८५ मध्ये यावर लिहिलं होतं, की कुटुंबातली माणसं एकमेकांना धरून राहावीत म्हणून कुणीतरी एक जण सतत राबत असतं, फोन करतं, पत्रं लिहितं, कोण आजारी आहे ते बाकीच्यांना कळवतं, आणि हे काम करणाऱ्यांत बायका पुरुषांपेक्षा खूप जास्त असतात. हे वाचून कुठल्याही बाईला आश्चर्य वाटणार नाही. नवऱ्याच्या मावशीचं ऑपरेशन कधी आहे, त्याच्या चुलत भावाच्या पोरीला कुठे ॲडमिशन मिळाली, त्याच्या वडिलांची शुगर मागच्या वेळी किती होती, हे नवऱ्याला नाही बायकोला माहीत असतं. मग घटस्फोट होतो आणि त्या घराला एकदम कळतं की आपली सगळी माहिती जिच्याकडे होती तीच गेली.

माझ्या ओळखीतल्या एकीच्या सासऱ्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू होती. ती गोळी म्हणजे डोकेदुखी असते, दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचं आणि रिपोर्टप्रमाणे डोस बदलायचा, आठवड्यातले तीन दिवस पूर्ण, बाकी दिवस अर्धी, मग पुढच्या रिपोर्टनंतर चार दिवस पूर्ण. हे सगळं तिच्या एका वहीत. घटस्फोट झाला, ती वेगळी राहायला गेली, तर तिसऱ्या आठवड्यात एक्स नवऱ्याचा फोन. इतके महिने फक्त वकिलामार्फत बोलणाऱ्या माणसाचा. "बाबांची अर्धी गोळी कुठल्या वारी असते?" तिने पानांचे फोटो पाठवले, मग दोन दिवसांनी अजून एक फोन, मग लॅबवाल्याचा नंबर, मग फाइल कुठे आहे. शेवटी तिने सांगितलं की वही येऊन घेऊन जा, मी रविवारी बाबांना भेटायला येईन, गोळ्या मोजायला नाही येणार.

मला वाटतं या एका वाक्यात सगळं आलं. तिला सासरे आवडत होते, त्यांना पण ती आवडत होती, ती अजून जाते. पण काम आणि नातं यात तिने रेघ मारली. बऱ्याच जणींना ती मारता येत नाही, आणि "किती मोठ्या मनाची आहे हो, वेगळी झाली तरी सासूचं सगळं करते" असं कौतुक सुरू झालं की मला जरा संशयच येतो. कौतुकात पोळून निघालेल्या बायका मी बघितल्यात. मोठं मन वगैरे ठीक आहे, पण त्या घरातून फोन फक्त काम पडल्यावर येतो का, हे एकदा बघा. तपासणीच्या दिवशी येतो, पाहुणे येणार असले की येतो आणि एरवी चार महिने शांतता, तर ते नातं नाही, ती बिनपगारी नोकरी आहे आणि ती सोडायला काहीच हरकत नाही.

आणि काही घरं अशी असतात की तिथे परत बघायचं पण नाही. हे मी ठामपणे म्हणते कारण "जाऊ दे, वडीलधारी माणसं आहेत" हा सल्ला फार स्वस्त झालाय. सासरचा छळ नेहमी नवराच एकटा करतो असं नाही ना. १९८३ मध्ये दंडसंहितेत जे ४९८-अ कलम आलं, आता न्याय संहितेत ते ८५ नंबरला आहे, त्यात नवऱ्याबरोबर नवऱ्याचे नातेवाईक पण धरलेत ते उगाच नाही. ज्या सासूने दार बाहेरून लावलं, ज्या दिराने हात उगारला, किंवा ज्यांनी शेजारच्या खोलीत बसून सगळं ऐकलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला, त्यांच्याशी मुलांसाठी म्हणून, संस्कार म्हणून, लोक काय म्हणतील म्हणून संबंध ठेवायची कसलीही गरज नाही. त्या आवाज वाढवणाऱ्यांबद्दल मला जास्त राग आहे खरं तर, कारण तेच नंतर म्हणतात की आमचं काय भांडण होतं तुझ्याशी.

आता त्या चिडलेल्या माणसाकडे येऊ. समजा तुमचा घटस्फोट झालाय, तुम्ही दुखावलेले आहात, आणि तुमची सख्खी आई तुमच्या एक्सशी तासभर गप्पा मारते. वाईट वाटणारच. आई तरी आपल्या बाजूने हवी की नको? विशेषतः लग्न फसवणुकीमुळे मोडलं असेल, त्याने किंवा तिने बाहेर काही केलं असेल, तर आईने त्याच माणसाची प्रेमाने चौकशी करणं म्हणजे जखमेवर मीठ. हे मी उडवून लावणार नाही. पण यातून जी मागणी निघते, की आईने त्या व्यक्तीला तोडून टाकावं, ती मला मान्य नाही. सत्तरीच्या बाईला तिने कुणाशी बोलायचं हे तिच्या मुलाने सांगायचं? एरवी कुणी असं केलं तर आपण त्याला काय म्हणू?

मुलाला किंवा मुलीला दोन गोष्टी मागायचा हक्क आहे असं मला वाटतं. एक, माझी बातमी तिकडे जाता कामा नये. माझा पगार, माझी तब्येत, मी कुणाबरोबर फिरतोय, कुठे घर बघतोय, यातलं काही नाही. आणि ही गोष्ट दिसते तितकी सोपी नसते, कारण आईला वाटतं मी काय सांगितलं, नुसतं बरा आहे म्हटलं, आणि त्या 'बरा आहे'च्या मागे-पुढे सगळं येऊन जातं. दुसरी, मला न सांगता आम्हाला समोरासमोर आणायचं नाही. किती आयांनी हा उद्योग केलाय! घरी बोलवायचं, दोघांना वेगवेगळं कारण सांगायचं, आणि मग आपण चहा ठेवायला आत निघून जायचं, काय तर म्हणे बोलतील दोघं आणि मिटेल. नाही मिटत. उलट त्यानंतर मुलगा पण यायचा बंद होतो आणि सून पण. ही समेटाची छुपी आशा जुन्या सासू-सासऱ्यांच्या मनात किती वर्षं टिकून असते याचा आपल्याला अंदाज नसतो, आणि संबंध ठेवायचेच असतील तर ती आशा त्यांनी सोडायला लागेल. नाहीतर त्या सुनेला कळत राहतं की आपल्याशी बोललं जातंय ते आपल्यासाठी नाही, परत आणायला म्हणून.

मुलं असली की सगळं बदलतं असं म्हणतात. बदलतं, पण लोक समजतात तसं नाही. मुलं असली की संबंध ठेवणं भाग असतं, एवढंच. तो चांगला असतो असं कुठे आहे. आजी-आजोबांचा जीव नातवंडात असतो आणि ती नातवंडं आता ज्या माणसाच्या ताब्यात आहेत त्याच्याशी आपल्या मुलाचं हाडवैर आहे, यापेक्षा अवघड जागा नाही. फ्रान्सच्या नागरी संहितेत कलम ३७१-४ आहे, ते मला फार शहाणं वाटतं, त्यात आजी-आजोबांशी संबंध ठेवायचा हक्क मुलाचा म्हणून लिहिलाय, आजी-आजोबांचा म्हणून नाही, आणि तो अडवायचा तर मुलाच्याच हिताचं कारण लागतं. आपल्याकडे आजी-आजोबांच्या भेटीसाठी असा वेगळा कायदा नाही, मुलाचं हित काय ते बघून कोर्ट ठरवतं.

अमेरिकेत ही भांडणं कुठपर्यंत जातात त्याचं उदाहरण म्हणजे ट्रॉक्सेल विरुद्ध ग्रॅनव्हिल. दोन मुलींचे वडील वारले होते (त्यांचं आणि मुलींच्या आईचं लग्न झालेलं नव्हतं, ते असो). वडिलांच्या आई-वडिलांना मुली महिन्यातून दोन वीकेंड मुक्कामाला आणि उन्हाळ्यात दोन आठवडे हव्या होत्या. मुलींची आई म्हणाली, महिन्यातून एक दिवस, मुक्काम नाही. खालच्या कोर्टाने मधलं काहीतरी काढलं, महिन्यातून एक वीकेंड, उन्हाळ्यात एक आठवडा, आणि आजी-आजोबा दोघांच्या वाढदिवसाला चार-चार तास. २००० मध्ये हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि तिथे आईचा विजय झाला, कोर्ट म्हणालं की चांगल्या आईच्या निर्णयाला वजन द्यायलाच हवं. निकाल मला बरोबर वाटतो. पण ते वाढदिवसाचे चार तास डोक्यातून जात नाहीत. चार तास का, तीन का नाहीत? एक जज बसून हिशोब करतोय की आजोबांच्या वाढदिवसाला नातीने किती वेळ थांबायचं. या लोकांनी आपापसात थोडं आधी बोलून घेतलं असतं तर? आई भेटीला नाही म्हणतच नव्हती, तिला भेटी कमी हव्या होत्या. इतकी वर्षं त्या फरकावर गेली.

घरोघरी हे कोर्टात जात नाही, पोरांच्या डोक्यावरून जातं. व्हिडिओ कॉल चालू असतो, आजी प्रेमाने म्हणते, "राजा, तुझी नवीन खोली दाखव ना," पोरगं उत्साहाने फोन घेऊन घरभर फिरतं, आणि आजीची नजर खोलीवर नसते, मागे खुर्चीवर शर्ट कुणाचा टांगलाय त्यावर असते. पोरांना हे कळतं बरं का. सात-आठ वर्षांचं पोर सुद्धा एक-दोन वेळा हे झालं की फोन भिंतीकडे तोंड करून बसून घेतं. मग आजी म्हणते आईने शिकवलं. कुणी काही शिकवलेलं नसतं, त्याला फक्त हेर व्हायचं नसतं. जुन्या सासूला सुनेबद्दल काही विचारायचंच असेल तर सुनेला विचारावं, आणि तेवढं धाडस नसेल तर गप्प बसावं. म्हणून तर मी म्हणते की त्या दोघींमध्ये थेट बोलणं असलेलं बरं, म्हणजे पोराला वायरचं काम करायला नको.

पण मुलांचं आणि आजी-आजोबांचं निदान कुणीतरी बोलतं. मला ज्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त वाटतं ती नाती म्हणजे नणंद, दीर, मेहुणे, आणि भाचे-पुतणे. यांच्यासाठी कोर्ट नाही, काउन्सेलर नाही, साधी कुणी चौकशी पण करत नाही. पॉल बोहॅनन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडलं होतं की घटस्फोट म्हणजे एक घटना नसते, त्यात सहा वेगवेगळे घटस्फोट असतात, भावनिक, कायदेशीर, पैशाचा, पालकत्वाचा, समाजाचा आणि स्वतःच्या मनाचा. त्यातला समाजाचा घटस्फोट म्हणजे मित्रमंडळी, ओळखीचे, गोतावळा सगळं पुन्हा वाटलं जाणं. नणंद-भावजय तिथे जातात. दोघी एका वयाच्या, एकीच्या पहिल्या नोकरीचा, ब्रेकअपचा, गर्भपाताचा सगळा इतिहास दुसरीला माहीत, जे तिच्या भावाला पण कधी सांगितलं नाही. भावाचं लग्न मोडलं आणि हिची सगळ्यात जवळची मैत्रीण गेली. हिला दुःख करायची पण सोय नाही, कारण घरात दुःखाचा पहिला मान भावाचा.

पुरुषांचं तर विचारूच नका. जावई आणि मेहुणा दर शनिवारी मॅच बघायचे, बाइकवरून लांब लांब जायचे, आणि घटस्फोटानंतर दोघंही एकमेकांना एक मेसेज टाकत नाहीत, दोघांनाही वाटतं समोरच्याला ऑकवर्ड होईल. दोन साडूंचं तर अजूनच विचित्र, ते दोघंही त्या घरात बाहेरून आलेले, त्यावरूनच तर गट्टी जमलेली. एक जण बाहेर पडला की दुसऱ्याची बायको म्हणते, माझ्या बहिणीला त्रास दिलाय त्याने, त्याचं नाव काढायचं नाही. मग हा ऑफिस सुटल्यावर चोरून भेटतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा माणूस चोरून साडूला भेटतो, काय वेळ आहे.

आणि ती पुतणी, जिला काकूने सायकल शिकवली. दहा-अकरा वर्षांची असेल. एक दिवस काकू दिसायची बंद झाली, फॅमिली ग्रुपवर "लेफ्ट" एवढंच आलं, आणि विचारलं तर घरात सगळ्यांचे चेहरे बदलतात, म्हणून तिने विचारायचं पण सोडलं. तिला कुणीही बसवून सांगितलं नाही की काका-काकू वेगळे झालेत, काकू बरी आहे, तुझ्यावर चिडलेली नाही. तिच्या बाजूने बघा, एक मोठं माणूस काही न बोलता निघून गेलं. घटस्फोट घेणाऱ्यांना स्वतःच्या मुलांना कसं सांगायचं यावर आज भरपूर सल्ला मिळतो, भाचे-पुतण्यांना कुणी सांगायचं याचा विचार कुणी करत नाही. मला वाटतं हे काम जाणाऱ्या माणसाने स्वतः करावं, कोर्टाच्या तारखा चालू असल्या तरी. एक फोन, दहा मिनिटं. त्यासाठी वकिलाला विचारायची गरज नाही. (वकील नाहीच म्हणेल, त्यांना सगळ्यातच धोका दिसतो.)

पैशाचं मी जास्त बोलत नाही, एवढंच की ते आधी मोकळं करा. सासऱ्यांनी तुमच्या कर्जाला जामीन दिला असेल तर घटस्फोटामुळे ते जामीनदार म्हणून सुटत नाहीत, बँकेला तुमच्या लग्नाचं काही देणंघेणं नसतं. उसने पैसे, कुणाच्या तरी लॉकरमध्ये राहिलेले दागिने, जॉइंट अकाउंट हे लिहून, सही करून संपवावं, आणि मगच प्रेमाने भेटावं. हिशोब बाकी असताना घेतलेल्या गळाभेटीवर कुणाचाच विश्वास बसत नाही.

एक आक्षेप मात्र असा आहे ज्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, तो म्हणजे दुसरं लग्न. नवीन सून घरात येते आणि पहिली सून अजून सासूच्या रोजच्या फोनमध्ये आहे. सासू काही वाईट हेतूने नाही पण बोलून जाते की तिला हे आवडायचं, ती असं करायची. नवीन आलेल्या मुलीने हे का सहन करायचं? इथे मी माझ्या 'व्हेटो नाही' पासून थोडी मागे येते. नवीन माणसाला पण व्हेटो नाही, पण तिला तिचं घर तिचं वाटेपर्यंत वर्ष-दोन वर्षं जुन्या सुनेने घरी येऊ नये, बाहेर भेटावं, आणि सासूने दोघींची तुलना मनात पण करू नये, म्हणजे तोंडातून निघणार नाही. हे जुन्या सुनेला लागेल मला माहीत आहे. तिचीच चूक नसताना तिनेच परत मागे सरकायचं. पण नव्या मुलीकडे त्या घरात अजून काहीच जुनं नसतं, आणि हिच्याकडे पंधरा वर्षं असतात, तेव्हा ज्याच्याकडे जास्त आहे त्याने थोडं सोडावं. तिकडे जावयाच्या बाबतीत पण हेच, जुना जावई सासऱ्यांबरोबर बुद्धिबळ खेळायला येतो आणि नवा जावई पेपर वाचत बसतो, असं नको.

राहिला प्रश्न पहिला फोन कुणी करायचा. सगळं यावर अडतं. दोन्हीकडे इच्छा असते आणि दोघंही वाट बघतात, आणि दोन-तीन वर्षं गेली की मग फोन करणंच विचित्र वाटायला लागतं. माझं मत स्पष्ट आहे, की वयाने मोठं आणि त्या घरात राहिलेलं माणूस आहे त्याने करावा. जी बाहेर पडलीय तिला माहीतच नसतं की तिच्याबद्दल आत काय बोललं गेलं, तिचं नाव निघाल्यावर कोण उठून जातं, म्हणून तिने फोन करणं म्हणजे बंद दारावर थाप मारणं. घरात राहिलेल्या सासूला, सासऱ्यांना, नणंदेला तो धोका नाही, त्यांना फार तर घरातल्या एकाची कुरकुर ऐकावी लागेल. फोनवर जे झालं त्याबद्दल काही बोलू नये, कुणाची बाजू घेऊ नये, माफी मागू पण नये आणि मागायला लावू पण नये. तुझी आठवण आली, बोलायचं असेल तर मी आहे, नसेल तर तसं सांग, मला राग येणार नाही, एवढं पुरे. आणि तिकडून 'नाही' असं उत्तर आलं किंवा काहीच उत्तर आलं नाही तर महिन्याने परत फोन करायचा नाही, तिच्या आईमार्फत निरोप पाठवायचा नाही, नातवाच्या हातात चिठ्ठी द्यायची नाही. तिला नंबर माहीत आहे, पुढचा फोन आता तिने करायचा.